सोमाचा घोडा

"सोमा चूल पेटवतो," वासेकर काका म्हणाले. "जादूनं."

साजिदचा चमचा तर्री-पोह्यांत तसाच राहिला. हेमंतनं पुठ्ठ्याच्या आडोशावरून डोकं वर काढलं. "काय म्हणालात?"

"लाकडं ओली आहेत. पोरगी थंडीनं कुडकुडून राहिली."

पोरगी म्हणजे तारा, आणि तारा म्हणजे खेळातली मी. मी त्या वेळी कूलरसमोर बसून ओढणीनं घाम पुसत होते. बाहेर चंद्रपूरचा मे महिना होता आणि वीज केंद्राच्या कॉलनीतलं कुत्रंसुद्धा सावलीबाहेर पाय टाकत नव्हतं. पण क्लबच्या कॅरमच्या खोलीत, चार्ट पेपरवर हेमंतनं काढलेल्या जंगलात, सकाळपासून पाऊस कोसळत होता.

"काका, चकमक आहे ना तुमच्याजवळ," हेमंत म्हणाला. "फासा टाका. दोन-तीनदा घासली की पेटेल."

"जादूनं," काका म्हणाले.

हा गोष्टीचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो, आडोशामागे बसून जग मांडतो, त्यातली संकटं मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. आमचे फासे स्टीलच्या ताटात पडायचे, सगळ्यांना दिसतील असे आणि क्लबच्या वॉचमनला ऐकू जातील असे. इतर ठिकाणी हा खेळ खेळणारे लोक चार बैठकांत आगीचे गोळे फेकायला लागतात. हेमंत बुरांडेच्या जगात तसलं काही नव्हतं. तो बॉयलर सेक्शनचा इंजिनीयर, फुकट काही मिळतं यावर त्याचा विश्वासच नाही. त्याच्या जगात जखम भरायला महिना लागायचा, तलवार गंजायची, आणि एक पायरी वर चढायला माणसाचं वर्ष जायचं. साजिद म्हणायचा, "बुरांडेचं राज्य कोरडवाहू आहे बे. इथं जादूचा पाऊस पडत नाही."

जादू होती, पण तिची किंमत होती. जादू करणाऱ्यानं आपली एक आठवण मोडायची. नुसतं 'मोडली' म्हणून भागत नसे. ती आठवण सगळ्यांसमोर सविस्तर सांगायची आणि मग कॅरमची एक काळी सोंगटी कोणाच्या तरी तळहातावर ठेवायची. ज्याच्या हातावर ठेवली, आठवण त्याची झाली. देणाऱ्याच्या पात्राला ती पुन्हा कधी आठवायची नाही. घेणाऱ्यानं पुढच्या रविवारी ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची. पात्राला अशा आठवणी मोजक्याच असायच्या, आणि सगळ्यात शेवटची म्हणजे स्वतःचं नाव. ते दिलं की पात्र खेळातून उठून गेलं, परत येणं नाही.

त्यामुळे काकांचा सोमा मांत्रिक असूनही महाचिंगूस होता. सुरुवातीला फक्त एकदा त्यानं जादू केली होती, त्यानंतर नाही. साजिदच्या गज्याला लांडग्यांनी घेरलं तेव्हाही काका म्हणाले होते, "अजून वेळ नाही आली." गज्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून साजिद काकांना चिडवायला चहाचा ग्लास दोन बोटं दुमडून धरायचा. मी सोमाची शिष्या. गुरूच काही करत नाही म्हटल्यावर शिष्या काय शिकणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. माझा स्वभाव मुळात उतावळा. कंट्रोल रूममध्ये बटण दाबलं की यंत्र हलतं, त्याची मला सवय. तरी मी दर रविवारी यायचे, कारण सोमा मला मनापासून आवडायचा. आणि आता हा चिक्कू मांत्रिक चुलीसाठी आठवण मोडायला निघाला होता.

"सांगा मग," हेमंत नाइलाजानं म्हणाला.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमाची माय चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या घालायची. पावसाळ्यात त्या भिजायच्या. म्हणून ती थोड्या पऱ्हाट्या आपल्या अंथरुणाखाली ठेवायची, कोरड्या राहाव्या म्हणून. तिले त्या टोचायच्या. सोमानं एकदा विचारलं, काहून टोचून घेतेस माय? तर ती म्हणाली, सकाळी तुझ्या दुधाले आग पायजे ना." ते थांबले. "तिच्या पाठीवर वळ असायचे. बारीक बारीक. सोमा तेलाचं बोट फिरवायचा त्याच्यावरून."

मग सोंगटी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "घे. आता तुझी."

साजिदनं पोहे खाल्ले नाहीत. हेमंत म्हणाला, "चूल पेटली."

वासेकर काका आमच्यापेक्षा पुष्कळ मोठे. वीज केंद्राच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. कुसुमकाकू त्याच्या आधीच गेल्या होत्या आणि मुलगी मंजूषा लग्न होऊन हैदराबादला होती. क्लबमध्ये ते एकटेच कॅरम खेळायला येत. आम्हाला खोली हवी होती, त्यांनी ती सोडली नाही. "तुम्ही खेळा, मी पाहतो," म्हणाले, आणि दोन रविवार पाहून तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, "याच्यात म्हातारा माणूस चालते का?"

चुलीनंतर काकांचा हात सैल सुटला. पुढच्या रविवारी त्यांनी गज्याचे भिजलेले कपडे जादूनं वाळवले. त्यासाठी सोमाच्या पहिल्या गुरूची, छडी लपवून ठेवणाऱ्या एका मास्तराची आठवण दिली. त्याच्या पुढच्या रविवारी एक कुलूप उघडलं, जे गज्या कुऱ्हाडीच्या एका घावात फोडणार होता. साजिद आधी खूश होता, मग तोही चुळबुळायला लागला.

"काका, मी मरत होतो तेव्हा तुम्ही शांत बसले," तो बोटं दुमडून म्हणाला, "आन् आता माझी चड्डी वाळवून राहिले."

काका हसले. "चड्डीही महत्त्वाची असते बापा."

हेमंतला मात्र हसू येत नव्हतं. निघताना तो मला स्कूटरपाशी म्हणाला, "वृषाली, हे असं चाललं तर पावसाळ्याआधी सोमा रिकामा होईल. मग संपलं. तो असा उधळून राहिला ना, माझं सगळं जग स्वस्त करून टाकलं त्यानं."

"मग त्यांना सांग ना."

"तू सांग. तू शिष्या आहेस."

मी सांगितलं नाही. मला वाटलं, काकांना कंटाळा आला असेल. म्हाताऱ्या माणसाला एकदाचा शेवट हवा असेल. आणि खरं सांगायचं तर त्या आठवणी मला हव्या होत्या. दर रविवारी मी त्या म्हणून दाखवायचे आणि कॉलनीतल्या रस्त्यानं, शिफ्टला जाता-येता, मनातल्या मनात घोकायचे.

घोड्याची आठवण त्याच दिवसांतली. सोमाला एका अंधाऱ्या भुयारात उजेड हवा होता.

"लग्न झाल्यावर सोमा पहिल्यांदा बायकोले घेऊन नदीवर गेला," काका सांगू लागले. "येता येता अंधारलं. ती मागं बसलेली, घोड्यावर. तिनं सोमाचा सदरा मुठीत धरला होता. पुढं कंदील. चढ आला की घोडा हळू व्हायचा आन् कंदील मिणमिणायचा. ती भ्यायची अंधाराले. म्हणायची, अहो, जोरात चालवा. मग सोमा जीव खाऊन जोर लावायचा, लख्ख उजेड पडायचा, आन् ती मागून हसायची. पुढं घरातही तिले भीती वाटली की म्हणायची, जोरात चालवा."

साजिदला हसू आवरेना. "काका, कोणत्या बाजारातला घोडा आहे हा? धावला की कंदील पेटते, थांबला की विझते!"

मीही हसले. हेमंतसुद्धा हसला. "माझ्या जगात असा घोडा नाही काका."

"होता एक," काका म्हणाले आणि सोंगटी माझ्या हातावर ठेवली.

ज्या रविवारी सगळं उलगडलं तो त्यानंतरचा. हेमंत ठरवूनच आला होता. सोमापाशी आता नाव धरून दोनच आठवणी उरल्या होत्या, आणि चार्ट पेपरवर रुंद नदी होती, तिच्यावर धुकं होतं.

आधी मी रिवाजाप्रमाणे मागच्या आठवणी म्हटल्या. घोडा म्हटला. मग काय वाटलं कोण जाणे, पऱ्हाट्यांचीही पुन्हा म्हटली, मला ती सगळ्यांत आवडायची म्हणून. पाठीवरचे वळ, तेलाचं बोट, सगळं. काका मान कलती करून ऐकत होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. "कोणाची माय ही?"

साजिदनं टाळ्या वाजवल्या. "वा काका! याले म्हणतात खेळाडू. एकदा दिली म्हणजे दिली. चेहऱ्यावर रेघ नाही पाहा."

हेमंतनंही मान डोलावली. आम्ही इतकी वर्षं याच शिस्तीत खेळलो होतो की दिलेली आठवण न ओळखणं हा आमच्यात कौतुकाचा विषय होता.

"काका," हेमंत म्हणाला, "आज एक सांगतो. आता जादू बंद. नदी नावेनं ओलांडा, दोरानं ओलांडा, पोहून जा. सोमा रिकामा झालेला मला पाहायचा नाही."

"नियम तुझाच आहे ना? आठवण द्यायची, जादू घ्यायची."

"माझाच आहे. म्हणून मीच थांबवतो."

काकांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "माझ्यापाशी आहे ते मी कोणाले द्यावं, हे तू ठरवणार?"

"गेम आहे काका," हेमंत चाचरत म्हणाला.

"मग खेळा," काका म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे धावले. उन्हानं डोळे दिपले. क्लबच्या भिंतीला लागून सायकलींचा स्टँड होता, दुपारच्या पाळीवाल्यांच्या सायकली ओळीनं लावलेल्या. काका त्यांच्यासमोर उभे होते. एका सीटवर हात ठेवत, काढून घेत, पुढच्या सीटवर ठेवत.

"काका, ऊन लागेल. चला आत."

"घरी जातो." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझी कोणती याच्यातली?"

"ही काय. एवढी वर्षं तीच तर आहे, डायनामोवाली..."

मी खाली वाकून पाहिलं. मागच्या चाकाला टेकलेली ती लहानशा बाटलीसारखी डबी, तिच्यातून निघून पुढच्या दिव्याकडे गेलेली वायर. चाक जोरात फिरलं की उजेड. चढावर हळू झालं की अंधार. आणि मागं कॅरिअर, एका माणसाला बसता येईल एवढं.

"काका," मी म्हणाले, "हा घोडा आहे."

त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "हाव," ते म्हणाले. "असेल. मले आता चित्र दिसत नाही त्याचं. तू म्हणतेस तेव्हा ऐकायले बरं वाटते."

"सोमाच्या आठवणी तुमच्या आहेत. सगळ्या."

"सोमाचं काही जात नाही बाई. तो तर कागदावरचा. माझं जाऊन राहिलं." त्यांनी सीटवर हात टेकला. "नागपूरच्या डॉक्टरनं फोटो काढला डोक्याचा. म्हणाला, हळूहळू जाईल. जवळचं आधी, मग दूरचं, पण माझं काही त्याच्या रांगेनं चाललं नाही. मायचं आधी गेलं. तू मघाशी सांगितलं, ती माझीच माय ना?"

"तुमचीच."

"पऱ्हाट्या ठेवायची अंथरुणाखाली."

"हो."

"भली बाई होती," काका म्हणाले.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. मागे दारात हेमंत आणि साजिद उभे होते. किती वेळ उभे होते माहीत नाही, पण साजिदचा चेहरा पाहिल्यावर कळलं की त्यांनी ऐकलं आहे.

"मंजूषाला का नाही सांगत काका?" मी विचारलं. "तिला हव्या असतील ना ह्या गोष्टी."

"सांगायले घेतलं की ती रडते. ती रडली की मी थांबतो. मग दोघंही जेवण झालं का, औषध घेतलं का, याच्यावर येतो." ते जरा हसले. "इथं तुम्ही गप बसून ऐकता. पुढच्या रविवारी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवता. असं कोण ऐकते बापा कोणाचं?"

हेमंत पायऱ्या उतरून उन्हात आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, नियम सोडतो मी. आठवण न मोडता जादू करा. पाहिजे तेवढी करा. सोमाचं काही जाणार नाही, मी लिहून घेतो."

"अजिबात नाही," काका म्हणाले. "फुकट केली तर ऐकन कोण? चुलीच्या वेळी साजिदनं पोहे टाकून दिले होते, ते आठवते मले. तुझं राज्य कोरडं आहे म्हणून तर थेंबाले किंमत आहे. तसंच ठेव."

मग साजिद पुढे झाला, त्यानं काकांचा हात धरला आणि ते आत गेले.

हेमंत पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसला. मग त्यानं तो आडोसा घडी करून खाली ठेवला. इतक्या वर्षांत आम्ही त्याच्या मागची बाजू कधी पाहिली नव्हती. तिथे काहीच नव्हतं, नुसतं टेबल आणि त्याचे दोन हात.

"धुकं आहे," तो म्हणाला. "नावाड्याला पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी वाढून राहिलं. गज्या आणि तारा नावेत आहेत. सोमा, तू काय करतोस?"

"सोमा पलीकडच्या काठावर दिवा लावतो," काका म्हणाले.

"किंमत?"

काकांनी चष्मा काढून ठेवला. या वेळी त्यांनी सोमाचं नाव घेतलं नाही, घोड्याचंही नाही.

"कुसुम दवाखान्यात होती. खिडकीतून ऊन येत होतं, ट्यूबलाइटही लागलेली होती. तरी म्हणाली, अंधार आहे हो. मी म्हटलं, दिवे आहेत कुसुम, सगळे चालू आहेत. ती म्हणाली, नाही. जोरात चालवा. मी तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेले बसलो आन् तिचा हात मागून माझ्या सदऱ्यावर ठेवला. मूठ वळली नाही तिची, मग मीच वळवली. आन् पलंगाच्या खालच्या दांडीवर पाय ठेवून मारले पायडल. तसेच, हवेत. नर्स पाहत राहिली. मी थांबलो नाही. ती हसली का, ते मले दिसलं नाही, पाठ होती ना माझी तिच्याकडे. पण हसली असन."

त्यांनी काळी सोंगटी उचलली. मी हात पुढे केला होता, पण त्यांनी ती हेमंतच्या तळहातावर ठेवली. सूत्रधाराला आजवर कोणी काही दिलं नव्हतं.

"घे," काका म्हणाले. "आता तुझी."

हेमंतनं मूठ मिटली. तो म्हणाला, "पलीकडच्या काठावर दिवा लागला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तारा शिकली. आजपासून तिला चूल पेटवता येते."

इतकी वर्षं मी ज्या पायरीची वाट पाहत होते ती आली होती, आणि मला ती नको होती.

सोमाचं नाव काकांनी शेवटपर्यंत दिलं नाही. पुढचे काही रविवार ते आले, नुसते बसले, ऐकत राहिले. मग मंजूषा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. सायकल साजिदनं ठेवून घेतली. तो तिच्यावर बसत नाही, पण तिच्या साखळीला तेल घालतो.

काही वर्षांनी मी कामासाठी हैदराबादला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. पर्समध्ये सोंगट्या होत्या. मंजूषानं दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "बाबा ओळखणार नाहीत हं. मलाही नाही ओळखत."

काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. स्वच्छ दाढी केलेली, सदऱ्याची बटणं नीट लावलेली. मला त्यांनी आदरानं नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

"एक गोष्ट सांगू का?" मी विचारलं.

"सांगा की."

मी घोड्याची सांगितली. जशी मला दिली होती तशी, शब्दन्‌शब्द. मंजूषा दारात उभी होती. कंदील मिणमिणला तिथे तिनं मान वर केली. 'जोरात चालवा' आलं तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. पण ती रडून आत गेली नाही. जमिनीवर बसून तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"छान आहे," काका म्हणाले. "तुम्हाले कोणी सांगितली?"

"सोमा म्हणून एक जण होता. त्यानं दिली मला. त्याच्या सगळ्याच आठवणी त्यानं आम्हाला देऊन टाकल्या."

"सगळ्या?" त्यांनी काळजीनं विचारलं. "मग त्याच्यापाशी काय राहिलं?"

मी पर्समधल्या सोंगट्या चाचपत राहिले. काकांनी थोडा विचार केला आणि माझीच समजूत घालत म्हणाले, "पण दिलं म्हणता ना त्यानं? मग हरवलं नाही काही त्याचं."

मी पर्समधून एक काळी सोंगटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मूठ मिटली. मग दुसरा हात पुढे केला.

"आता दुसरी सांगा," ते म्हणाले.